मोठे डोळे, चार रेषा

प्रश्न: जपानी अ‍ॅनिमेशनमधल्या पात्रांचे डोळे भलेमोठे, नाक जेमतेम ठिपक्याएवढं. तरी ती खरी का वाटतात?

उत्तर: या डोळ्यांचं मूळ अमेरिकेत आहे. जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांनी ते वळण डिस्नेच्या चित्रांवरून उचललं. फरक पडला हालचालीत. डिस्नेने १९३७च्या ‘स्नो व्हाइट’साठी खऱ्या नर्तकीचं चित्रीकरण करून हालचाली अभ्यासल्या. तेझुकांच्या १९६३च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ मालिकेकडे तेवढा पैसा नव्हता, त्यामुळे चित्रं मोजकीच. भाव डोळ्यांनीच पेलायचे. मला स्वतःला खरेपणा चेहऱ्यापेक्षा सवयींत दिसतो. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटातली दहा वर्षांची चिहिरो बघा: घाईत असूनही बूट घातल्यावर ती पायाचा चवडा जमिनीवर आपटते, बूट नीट बसावा म्हणून. गोष्टीला त्याची काही गरज नाही, पण तेवढ्यासाठी मी ते दृश्य पुन्हा पुन्हा लावतो.