रंकाळ्यावर फोन घेऊन जाताना

आपण फोनवर फोटो काढायला नव्याने सुरुवात करीत आहात, म्हणून आधी फोनची लेन्स मऊ सुती कापडाने पुसावी. बोटांच्या तेलकट डागांमुळेच कितीतरी फोटो धुरकट येतात. संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावरून पाण्यातल्या दगडी संध्यामठाचा फोटो घेताना मावळतीच्या उजळ आकाशावर क्षणभर बोट दाबून धरले, की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि प्रकाश तिथेच स्थिर होतो, आणि मग शेजारची सूर्याची खूण खाली ओढली म्हणजे ढगांचे रंग परत येतात व मठाची काळी आकृती उठून दिसते. झूम शक्यतो टाळावा. माझा जड कॅमेरा कपाटात गेल्यावर फोटोंची गोडी मला पुन्हा लागली, ती पंचगंगा घाटाच्या पहाटेच्या ओल्या पायऱ्यांमुळे. तिथे स्नानाला आलेल्यांवर मात्र विचारल्याशिवाय फोन रोखू नये.