पुढचं वचनही वाच

प्रश्न : मावशी, सलाम. गेल्या दिवाळीत ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. मी पहाटे चारला उठून अकरा डबे करते, मग ह्यांची अंघोळ, गोळ्या, व्यायाम. फ्रिजवर बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३ चिकटवलंय : ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ दीर म्हणतात, रविवारी मी दादाजवळ बसतो. मी नको म्हणते. माणसांपुढे हात पसरला तर देवावरचा भरवसा कुठे राहिला? पण परवा ह्यांना खुर्चीत बसवताना पाठीत उसण भरली आणि मी बाथरूममध्ये कडी लावून रडले. मंडळीतली एकजण म्हणाली, विश्वास कमी पडतोय. खरंच का हो?
– एक भगिनी, नाशिकरोड

उत्तर : सलाम, पोरी. ते वाक्य बोलणाऱ्या बाईला एक दिवस तुझे अकरा डबे करायला बसव. बाकी तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही.

तू चिकटवलेलं वचन प्रेषित पौलाने कैदेतून लिहिलंय. त्याच्या मागच्याच ओळीत तो भूक आणि टंचाई सोसायला शिकलो म्हणतो. आणि पुढचं, चौदावं? त्यात तो फिलिप्पैच्या लोकांना सांगतो, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे फार बरं केलंत. त्यांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत त्याने घेतली आणि पोच म्हणून हे पत्र धाडलं. आपण तेरावं फ्रिजवर लावतो आणि चौदावं घडी घालून ठेवतो.

मीही ठेवलं होतं. आमच्या ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. पाणीसुद्धा मोजून द्यायचं. भगिनी मंडळातली एक बाई पिठलं-भाकरी घेऊन आली, तर मी दार अर्धंच उघडलं. ‘प्रभू आहे ना, कशाला त्रास घेतलात?’ तिने डबा चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि गेली. मी हट्टाने आत घेतला नाही. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. हे पलंगावरून म्हणाले, “अगं, एलीया संदेष्ट्याला कावळ्यांनी आणलेली भाकर चालली, तुला या बाईची चालेना?” मला भयंकर राग आला. रात्री डबा घासताना हसूही आलं. तो विश्वास नव्हता गं, ताठा होता. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा द्यायला गेले आणि तिच्याच ओट्याशी बसून तिच्या हातचा चहा घेतला.

तोच एलीया पुढे (१ राजे, अध्याय १९) झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा एवढा मोठा संदेष्टा! देवाने त्याला विश्वासावर व्याख्यान दिलं नाही. तो झोपला, देवदूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, त्याला पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट त्यानंतर. तुझ्या रडण्यात मला अविश्वास दिसत नाही, अपुरी झोप दिसते.

आपल्या नाशिकच्या शरणपूरचंच बघ. शरण येण्याचं गाव. एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनने तिथे आसरा दिला. प्रार्थना असायचीच, पण सोबत शाळा होती आणि सुतारकाम-लोहारकामही शिकवत. नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टन या मिशनऱ्याचा मृतदेह तिथल्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता, आणि १८७४ साली शवपेटीसोबत इंग्लंडला गेला. एवढी वाट कोणी एकट्याने खांद्यावर नेली नाही.

आता कामाचं. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून तुझ्या ह्यांना उठवायची रीत शिकून घे, दिरांनाही शिकव. लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका, त्या बाजूचा खांदा निखळू शकतो. तुझी उसण आठवडाभरात उतरली नाही तर तूही डॉक्टरांना दाखव.

दिरांना हो कळव, आजच. आणि पाळकसाहेब माझ्यावर रागावले तरी चालतील, पण दीर येतील त्या पहिल्या रविवारी उपासनेलाही जाऊ नकोस. डबे बंद ठेव आणि झोप.