पाण्यात कार्बन डायऑक्साइडपासून इंधन बनवताना रेणवीय उत्प्रेरक का वापरतात?

मुख्य अडचण पाण्याचीच आहे: विद्युतप्रवाह दिला की कार्बन डायऑक्साइडऐवजी प्रोटॉन इलेक्ट्रॉन घेतात आणि हायड्रोजन निघतो. रेणवीय उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा, ठरावीक रचनेचा रेणू; त्यातील धातूच्या अणूभोवतीची रचना बदलता येत असल्याने इलेक्ट्रॉन कोणाला मिळावेत ही निवड बऱ्याच अंशी आपल्या हाती राहते. १९८४ मध्ये ज्याँ-पिएर सोवाज (पुढे २०१६ चे नोबेल मिळालेले) आणि सहकाऱ्यांनी निकेल-सायक्लॅम (सेंद्रिय वलयात बसवलेला निकेलचा अणू) वापरून पाण्यात प्रामुख्याने कार्बन मोनॉक्साइड मिळवला. कार्बन मोनॉक्साइडच्या पुढे, आणखी इलेक्ट्रॉन देऊन मेथॅनॉलसारख्या इंधनापर्यंत जाणे फार कठीण, म्हणूनच मला येल विद्यापीठातील २०१९ चे काम अधिक मोलाचे वाटते: कोबाल्ट थॅलोसायनिनचे (मध्यभागी कोबाल्ट असलेल्या मोठ्या वलयाचे) रेणू कार्बन नॅनोट्यूबवर, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर, सुटेसुटे बसवल्यावर कार्बन डायऑक्साइडचे सहा इलेक्ट्रॉनांचे क्षपण (इलेक्ट्रॉन मिळण्याची क्रिया) होऊन थेट मेथॅनॉल तयार झाले. पण त्यात थॅलोसायनिनचा रेणूच हळूहळू खराब होई. त्याला अमिनो गट (नायट्रोजन व हायड्रोजनचा अणुगट) जोडल्यावर उत्प्रेरक किमान १२ तास टिकला.