उरुग्वेमध्ये गुराखी लोकांचं खरं गाव बघायचंय, कुठे जाऊ?

सरळ ताकुआरेंबोला जा. राजधानी मोंतेविदेओच्या त्रेस क्रूसेस स्टँडवरून बस मिळते, साधारण ३९० किमी, पाच-एक तास, आणि खिडकीबाहेर फक्त गवत आणि गुरं, कारण या देशात माणसं ३५ लाखाच्या आसपास आणि गुरं त्याच्या तिप्पट तरी.

जमलं तर मार्चमध्येच जा, तेव्हा पात्रिया गाउचाचा (गाउचो म्हणजे तिथले गुराखी) उत्सव असतो, १९८७ पासून चालू आहे, तळ्याकाठी लोक जुन्या पद्धतीच्या मातीच्या झोपड्या उभारतात, बिथरलेल्या घोड्यावर टिकून बसायच्या स्पर्धा होतात, आणि हे टुरिस्टसाठी नाही हो, त्यांची स्वतःची जत्रा आहे. फक्त रूम खूप आधी बुक करा.

एरवी गाव शांत असतं. दुपारी दुकानं बंद, तेव्हा चिडू नका, चौकात बसा. कोणी माते दिला (कडू पानांचा गरम काढा, थर्मास सगळ्यांच्या काखेतच असतो) तर नक्की घ्या, प्यायची नळी ढवळू नका, आणि 'ग्रासियास' (म्हणजे धन्यवाद) फक्त आता पुरे असेल तेव्हाच म्हणा, नाहीतर पुढच्या फेरीत तुम्हाला मिळणारच नाही!

शाकाहारी असाल तर हाल होतात हे खरंय, पण फाइना शोधा, हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं, आपल्या धिरड्याची आठवण येते. पिझ्झावाल्याकडे मिळतं.

अर्धा दिवस उरला तर वाये एदेनला जा, तिथे टँगो गायक कार्लोस गार्देलचं म्युझियम आहे, तो इथलाच असं गावकरी ठाम सांगतात, फ्रान्सवाले तुलूझचा म्हणतात.