उजेड बदलला की मागचं बदललं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

भिगवणच्या फोटोंचं फोल्डर मिळालं. सगळे पाहिले, रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उडतानाचे तर दोनदा पाहिले. एकाच बर्स्टमधले (बटण दाबून धरून सलग काढलेले) पहिले फोटो काळपट, मधले छान आणि शेवटच्यांमध्ये पंखांचा पांढरा रंग पार जळालेला, असं का झालं हे तू विचारलंस. शिवाय ग्रुपमधल्या कुणी तुला ऐकवलं म्हणे, की ऑटो आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा हे कॅमेऱ्यावर सोडणं, नवशिक्यांचा, खरे फोटोग्राफर मॅन्युअलच वापरतात. ते मनाला लावून घेऊ नकोस. त्याकडे येतोच, आधी थवा.

फोटोंची माहिती उघडून बघितली. शटर (किती वेळ उघडं) १/२००० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ६.३ (भिंगाचं छिद्र किती उघडं). दोन्ही तू ठरवलेले आणि दोन्ही योग्य. आयएसओ कॅमेऱ्यावर सोडलेला. थवा पाण्यावरून उठला तेव्हा मागे उजळ आकाश होतं, तिथे कॅमेऱ्याने ३२० धरला. थवा वळून काठावरच्या बाभळींसमोर आला, तिथे १६००. चार-पाच सेकंदांत दोन स्टॉपहून जास्त फरक! (एक स्टॉप म्हणजे उजळपणा दुप्पट किंवा निम्मा.) आता ती सकाळ आठव. तेवढ्या वेळात ऊन वाढलं होतं का, ढग आला होता का? काहीच नाही. पक्ष्यांच्या अंगावर पडणारा उजेड होता तेवढाच होता. बदललं ते फक्त त्यांच्या मागचं.

रोहित पांढरा असतो आणि बाभळीचा काठ गडद असतो, हे कॅमेऱ्यातल्या मीटरला माहीत नसतं. समोरून परतून आलेला उजेड तो मोजतो आणि सगळ्याची सरासरी मध्यम करडी असावी असं धरून चालतो. आकाश जास्त असलं की तो फोटो काळवंडवणार, बाभळी जास्त असल्या की उजळवणार. मधल्या मधे पक्ष्याचे हाल.

कॅमेऱ्यावरची चकती एमवर होती म्हणून तू मॅन्युअलमध्ये होतीस असं तुला वाटलं. तशी तू नव्हतीस. शटर आणि अ‍ॅपर्चर तू लावलेस, पण फोटो किती उजळ यायचा हे शेवटी मीटरनेच ठरवलं. हा घोळ मी भल्याभल्यांचा झालेला पाहिला आहे.

त्या सकाळी काय करायला हवं होतं ते सांगतो. होडीत बसल्या बसल्या, सूर्य पाठीशी असताना, आपला तळहात उन्हात धर. पक्ष्यांवर जसं ऊन पडतंय तसंच हातावर पडायला हवं. स्पॉट मीटरिंगने (फ्रेममधला एक छोटा भागच मोजणाऱ्या पद्धतीने) तळहात मोज. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप जास्त एक्स्पोजर दे. तुझ्या त्या उन्हात ते आयएसओ ६४०च्या आसपास आलं असतं. एक फोटो काढून पंखांच्या पांढऱ्यात, रंग जळाल्याचा लुकलुकणारा इशारा येतो का बघ. येत असेल तर आयएसओ थोडा खाली आण. मग तो तिथेच ठेव आणि मीटर काय म्हणतो तिकडे बघूच नकोस. आता थवा आकाशासमोर जाऊ दे, नाहीतर बाभळीसमोर, प्रत्येक फ्रेममधला पक्षी सारखाच येईल. सूर्य वर चढला की तळहात पुन्हा मोजायचा, एवढं ध्यानात असू दे.

मग ऑटो आयएसओ कधी? उजेडच सारखा बदलत असेल तेव्हा. विसर्जनाच्या दिवशी दुपारी लक्ष्मी रस्त्यावर ढोल पथकाबरोबर चालताना पाच पावलं उन्हात, पुढची दहा इमारतींच्या सावलीत. दोन्हींत तीन-चार स्टॉपचं अंतर. ढोलाचं टिपरू हवेत थांबवायचं तर शटर १/५००च्या खाली नेता येत नाही. अशा गर्दीत दर दहा पावलांना चाक फिरवत बसलीस, तर वादकाच्या चेहऱ्यावरचं काही तुझ्या हाती लागणार नाही. फोटो कसा दिसणार, किती धूसर, किती गोठलेला, हे शटर आणि अ‍ॅपर्चर ठरवतात. ती दोन्ही स्वतःकडे ठेव, आयएसओ खुशाल कॅमेऱ्याला दे. यात कमीपणा कसला?

फक्त पांढरे कुर्ते फ्रेमभर असतील तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटर सांगतो त्याहून फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) पाऊण-एक स्टॉप वर ठेव, नाहीतर चेहरे काळवंडतात. काही जुन्या कॅमेऱ्यांत एमवर ऑटो आयएसओ असताना कॉम्पेन्सेशन चालत नाही. तुझ्यात चालतं का, ते घरीच तपास. चालत नसेल तर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (यात शटर कॅमेरा ठरवतो) घे आणि ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर १/५०० लाव. आयएसओची कमाल मर्यादा ६४०० ठेवलीस तरी हरकत नाही. नॉइज (जास्त आयएसओला दिसणारे दाणे) नंतर बराच कमी करता येतो, हललेला फोटो सरळ करता येत नाही. आणि खालची मर्यादाही असते बरं. कडक उन्हात १/५०० आणि एफ ४ लावलंस, तर आयएसओ १००वर जाऊनही फोटो जळतोच, कारण त्याखाली जायला कॅमेऱ्याकडे जागाच नाही.

हे मी एक फोटो गमावून शिकलो. एका लग्नात मंगलाष्टकं चालली होती. हॉलचा उजेड तासभर एकसारखा, तरी मी ऑटो आयएसओवर. अंतरपाट सरला त्या क्षणी अर्ध्या फ्रेममध्ये ते पांढरं कापड आणि मुलीच्या मागे व्हिडिओवाल्याचा दिवा. कॅमेऱ्याने आयएसओ खाली पाडला आणि तिचा चेहरा अंधारात गेला. नुसत्या जेपेगवर काढत होतो, त्यामुळे वर ओढायलाही काही उरलं नव्हतं. हार घालतानाचे सगळे चांगले आले. पण तिने पहिल्यांदा वर पाहिलं तो फोटो त्या घरात नाही. अजून सलतं. म्हणून तुला कळकळीने सांगतो, रॉ (जेपेगपेक्षा कितीतरी जास्त माहिती जपणारी फाइल) चालू ठेव.

तुझ्या कॅमेऱ्यावर सी १, सी २ किंवा यू १, यू २ अशा, आपली सेटिंग साठवायच्या जागा असतील. एकीत पूर्ण मॅन्युअल भरून ठेव, दुसरीत ऑटो आयएसओ. होडीत असताना चकती एक घर फिरवायची, बस्स.

पुन्हा जाशील तेव्हा सूर्योदयाआधीच होडीत बस. तेव्हा उजेड मिनिटामिनिटाला वाढत असतो, ऑटोवर राहा. ऊन स्थिरावलं की नावाडीदादांना होडी सूर्याकडे पाठ करून उभी करायला सांग, आणि तळहात बाहेर काढ. नंतर दोन्ही फोल्डर वेगवेगळे पाठव, मला आयएसओचे आकडे बघायचे आहेत.

तुझा,
काका