कमांडरसाठी कार्ड, स्लीव्ह आणि वाकलेले फॉइल

तुम्ही विचारलं की चार मित्र मिळून मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा कमांडर प्रकार खेळता (शंभर कार्डांची गड्डी म्हणजे डेक, त्यातलं मुख्य कार्ड म्हणजे कमांडर), तयार डेक घेतलाय, आता तीन हजारात अजून काय घ्यावं, आणि नवीन फॉइल, म्हणजे चकचकीत, कार्ड पंधरा दिवसात वाकले ते सरळ होतील का. भाऊ, ते वाकलेलं वाचलं अन् मला माझाच मे महिना आठवला, म्हणून आधी त्याचंच सांगतो, कार्डांचं नंतर.

मी तेव्हा डेकमधले वीसेक कार्ड मुद्दाम फॉइलमध्ये घेतले होते, साध्या कार्डाच्या दुप्पट-तिप्पट पैसे देऊन. डेकबॉक्स ठेवला कपाटात, आणि कपाट बरोबर कूलरच्या समोर. आता नागपुरात मे महिन्यात कूलर म्हणजे दिवसरात्र चालूच, नवतपात तर बंद करायचा विषयच नाही, आणि त्याची सगळी ओली हवा सरळ त्या फळीवर. फॉइल कार्डात खाली कागद आणि वर चकचकीत थर असतो, कागद दमट हवेतलं पाणी ओढून फुगतो, वरचा थर फुगत नाही, म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला आत वळतं. टेबलावर सुलटं ठेवलं तर चारही कडा वर उचललेल्या दिसायच्या. खेळताना समोरच्यानं डेक कापला की दरवेळी फॉइलपाशीच कापला जायचा, म्हणजे न बघताच कळायचं की तिथे कोणतं कार्ड आहे. घरी मित्र सांभाळून घेतात, पण टूर्नामेंटमध्ये हे मार्क केलेलं कार्ड धरतात.

इथवर ठीक होतं, खरं नुकसान मी पुढे केलं. घाईघाईत ते कार्ड दुपारी गच्चीवर उन्हात ठेवले, एका तासात ते उलट्या बाजूनं वाकले, मग चिडून जाड पुस्तकांखाली दाबले. तीन कार्डांच्या मधोमध पांढरी रेघ उमटली, ती आजही आहे. ज्या दुकानातून घेतले त्याला विचारलं तर पाकीट उघडल्यावर आमची जबाबदारी नाही, एवढंच उत्तर. अरे बा, परत घेऊ नका, पण फॉइलला हवा लागू देऊ नका एवढं विकताना सांगायला काय जातं? तेव्हापासून मी फॉइल घेतच नाही, हे माझं मत, ज्याला आवडतात त्यांनी घ्यावे.

तुमचे नुसते वाकले असतील तर सुधारतील. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका, कार्ड त्यात ठेवा आणि रोज उघडून बघा, कारण जास्त कोरडे झाले तर उलटे वळतात. सरळ झाले की लगेच डबल स्लीव्ह करा, म्हणजे एकावर एक दोन प्लास्टिकची पाकिटं घाला, आतली ६४ बाय ८९ ची तोंड खाली करून, बाहेरची ६६ बाय ९१ ची तोंड वर करून. कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं, म्हणून यु-गि-ओ या दुसऱ्या कार्डखेळाची लहान स्लीव्ह स्वस्त दिसली तरी घेऊ नका, बसत नाही. आणि शंभर कार्डांच्या डेकला शंभरच स्लीव्ह घेऊ नका, दहा-वीस जास्तीच्या त्याच वेळी घ्या, नंतर त्याच रंगाची थोडी वेगळी छटा येते.

कार्डांचं थोडक्यात. सोल रिंग, आर्केन सिग्नेट, कमांड टॉवर ही मॅना, म्हणजे कार्ड खेळायची ताकद, देणारी कार्डं तुमच्या डेकमध्ये असतीलच, लँड (मॅना देणारी जमिनीची कार्डं) ३६ च्या खाली नेऊ नका. चार जणांच्या खेळात एकाचं एक कार्ड मारायला तुमचं एक कार्ड गेलं तर दोघांचं नुकसान आणि बाकी दोघांचा फुकट फायदा, म्हणून असं घ्या जे तिघांवर चालतं. काळा रंग असेल तर सायफन माइंड, तिघं एकेक कार्ड टाकतात आणि तुम्ही तीन ओढता. लाल असेल तर ब्लास्फेमस ॲक्ट, लिहिलेली किंमत नऊ मॅना, पण टेबलावर जितके क्रीचर (लढणाऱ्या प्राण्यांची कार्डं) तितकी कमी होते, भरलेल्या टेबलावर मी एका मॅनात खेळलोय. पांढऱ्यात घोस्टली प्रिझन, हल्ला करणाऱ्या प्रत्येक क्रीचरमागे दोन मॅना द्यायचे म्हटलं की लोकं शेजाऱ्याकडे वळतात. कमांडर वाचवायला स्विफ्टफुट बूट्स, लाइटनिंग ग्रीव्ह्ज फुकटात चढतात खरे, पण मग तुमचाच स्पेल (जादूचं कार्ड) पण त्या क्रीचरवर लागत नाही.

महागड्या एका कार्डात पूर्ण बजेट घालू नका. २३ सप्टेंबर २०२४ ला मॅना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस एका दिवसात बॅन झाले, ज्यांनी हजारो रुपये घातले ते बघतच राहिले. टेबलावर आधी सांगून प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या कार्डाऐवजी नक्कल, खेळायला आमच्या ग्रुपमध्ये कोणी नाही म्हणत नाही, तुमच्याकडे विचारून घ्या.

प्लेमॅट, म्हणजे खेळताना खाली अंथरायची चटई, नंतर घेतला तरी चालतो. लाइफ ४० पासून सुरू होते आणि प्रत्येक कमांडरकडून हल्ल्यात लागलेलं डॅमेज २१ पर्यंत वेगळं मोजावं लागतं, म्हणून वही-पेन जवळ ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. आणि पंखा-कूलरच्या झोतात टोकन (कार्डाऐवजी ठेवायची खूण) म्हणून कागदाचे तुकडे ठेवू नका, कॅरमच्या सोंगट्या वापरा.