रेटचं पुढे काय झालं?

प्रश्न : ‘गॉन विथ द विंड’ कादंबरी वाचून संपवली. नायिका स्कार्लेटला सोडून नवरा रेट बटलर निघून जातो, पुढे काय? दुसरा भाग आहे का?

उत्तर : ताई, मार्गारेट मिचेल यांनी पुढचा भाग लिहिलाच नाही. १९४९ साली अटलांटात मोटारीच्या धडकेने त्या गेल्या. वारसांच्या परवानगीने मात्र इतरांनी लिहिलं. अलेक्झांड्रा रिप्ले यांची ‘स्कार्लेट’ (१९९१) नायिकेला थेट आयर्लंडला नेते. धो धो खपली, मला अर्ध्यात कंटाळा आला.

तुम्ही डोनाल्ड मकेग यांची ‘रेट बटलर्स पीपल’ (२००७) घ्या. तीच कथा रेटच्या बाजूने. सुरुवातच द्वंद्वयुद्धाने, तेही कुंटणखाना चालवणाऱ्या बेल वॉटलिंगच्या भावाशी! चार्ल्सटनजवळची भातशेती, कडक बाप, जीव लावणारी बहीण रोझमेरी, हे सगळं त्यात भरपूर आहे. ‘स्कार्लेट’मधलं काहीही त्यांनी जमेस धरलेलं नाही, तेव्हा ती वाचली नसली तरी अडत नाही. फक्त रेट जरा जास्तच सज्जन झालाय. मला मूळचा लबाड बरा वाटतो.

मकेग यांनीच २०१४ मध्ये मॅमीवर, म्हणजे स्कार्लेटला सांभाळणाऱ्या गुलाम दाईवर, ‘रूथ्स जर्नी’ लिहिली. मूळ पुस्तकात त्या बाईला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं.